अंगक शोधायचे तर आधी पेशी निवडा

विज्ञानाच्या पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत सगळी अंगके, म्हणजे पेशीतले ठरावीक कामे करणारे भाग, एका जागी असतात. मधोमध केंद्रक, त्याला बिलगून आंतर्द्रव्यजालिका, बाजूला गॉल्जी संकुल, चार-पाच तंतुकणिका, दोन लयकारिका आणि प्रत्येकीकडे रोखलेला एकेक बाण. नावे पाठ करायला ही आकृती चांगली आहे. पण ती मनात धरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मुले हिरमुसतात, कारण हुबेहूब तशी पेशी कुठेच नसते. कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवके नाहीत. आपल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रकसुद्धा नाही. बटाट्याच्या पेशीत स्टार्चच्या कणांची एवढी दाटी असते की बाकीचे काही नजरेलाच पडत नाही.

म्हणून शोध उलट्या बाजूने सुरू करायचा. आधी काम पाहायचे आणि मग ते काम सर्वात जास्त करणारी पेशी निवडायची. तिथे त्या कामाचे अंगक ठळकपणे सापडते. ज्यांनी ही अंगके जगासमोर आणली त्यांची कामेही अशाच नेमक्या पेशींत फळाला आली. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये केंद्रकाकडे लक्ष वेधले ते ऑर्किडच्या पेशी पाहताना. कामिल्लो गॉल्जी यांना १८९८ मध्ये पेशीतले जाळे दिसले ते घुबडाच्या मेंदूतल्या चेतापेशींत. जॉर्ज पॅलेड यांनी स्वादुपिंडाच्या पेशी घेतल्या, तर ख्रिश्चन द दूव यांनी उंदराचे यकृत.

आठवीच्या पुढचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि घरी मुलांबरोबर हे करून पाहू इच्छिणारे पालक, अशा सगळ्यांना जमेल असा क्रम पुढे दिला आहे. क्रम शक्यतो मोडू नका. प्रत्येक काचपट्टीवर शिकलेले पुढच्या काचपट्टीला लागते.

आधी तयारी, आणि एक मोजमाप

शाळेतला साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो. नेत्रिका १० पटीची आणि पदार्थभिंगे १० व ४० पटीची असली की १०० पट आणि ४०० पट मोठी प्रतिमा मिळते. या लेखात डोळ्यांनी पाहायचे जेवढे आहे ते एवढ्यात भागते. सूक्ष्मदर्शक नसेल तर फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठे करून दाखवतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो.

काचपट्ट्या, आच्छादक काचा, ड्रॉपर, चिमटा, बारीक ब्रश, नवे ब्लेड आणि गाळण कागद जवळ ठेवा. रंगासाठी दोन द्रावणे लागतील. एक आयोडीनचे, मेडिकलमध्ये मिळणारे पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून चालते. दुसरे मिथिलिन ब्लू. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात त्याची बाटली सहज मिळते. ब्लेड मोठ्या माणसानेच हाताळावे.

आता मोजमाप. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग आपण पाहतो ते केवढे आहे याचा अंदाजच राहत नाही. पारदर्शक पट्टी काचपट्टीच्या जागी ठेवून १० पटीच्या पदार्थभिंगातून पाहा आणि दिसणाऱ्या गोलाचा व्यास किती मिलिमीटर भरतो ते मोजा. समजा १.८ मिलिमीटर आला, म्हणजे १८०० मायक्रॉन. ४० पटीचे पदार्थभिंग लावल्यावर तोच व्यास चौथा हिस्सा होतो, ४५० मायक्रॉन. हे दोन आकडे सूक्ष्मदर्शकाच्या बुडाशी चिकटवून ठेवा. पुढे व्यासात किती पेशी बसतात ते मोजायचे आणि भागाकार करायचा, की पेशीची लांबी हाती येते.

आणि प्रकाश. काहीच दिसत नाही म्हणून मुले प्रकाश वाढवत जातात. रंग न दिलेली जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते, भरपूर उजेडात ती पुसली जाते. मंचाखालचा डायफ्रॅम हळूहळू बंद करा. उजेड कमी होईल, पण पेशीच्या कडा उठून दिसू लागतील. या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या भिंगानेही पडत नाही.

पहिली काचपट्टी: कांदा, रंगाविना

कांद्याची मांसल पाकळी मोडा. तिच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने अलगद ओढा. तो सुकायच्या आत काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात टाका आणि ब्रशने सपाट करा. घडी पडली तर दोन थर दिसतात आणि गोंधळ होतो. आच्छादक काच एका कडेने टेकवून तिरकी सावकाश खाली सोडा. जाड काळ्या कडेचे, एकदम गोल काही दिसले तर तो हवेचा बुडबुडा आहे. दरवर्षी कितीतरी वह्यांमध्ये हा बुडबुडा केंद्रक म्हणून काढला जातो.

आधी १०० पट. लांबट पेशींच्या रांगा दिसतील आणि त्यांच्यामधल्या स्पष्ट रेषा म्हणजे पेशीभित्तिका. ही सेल्युलोजची बनलेली असते, पेशीला आकार देते आणि आत पाणी शिरल्यावर पेशी फुटू देत नाही. व्यासात किती पेशी बसतात ते आत्ताच मोजून घ्या. एकेक पेशी मिलिमीटरचा चौथा हिस्सा किंवा त्याहून लांब भरते.

आता ४०० पट, डायफ्रॅम अर्धा बंद. प्रत्येक पेशीत एक फिकट, गोलसर ठिपका शोधा. ते केंद्रक. काही पेशींत ते भिंतीला चिकटलेले दिसते, काहींत मधोमध. मधोमध दिसते तिथेही ते बहुधा वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेले असते, आपण वरून पाहतो म्हणून मध्ये भासते. सूक्ष्म समायोजक स्क्रू किंचित मागेपुढे फिरवला की केंद्रक कोणत्या पातळीवर आहे ते कळते. केंद्रक कडेला का ढकलले गेले? मधली सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीने, व्यापली आहे म्हणून. ती दिसत नाही, कारण ती पाण्यासारखी स्वच्छ आहे. तिचा पत्ता पुढच्या काचपट्टीवर लागेल.

केंद्रकाकडे आणखी थोडा वेळ थांबा. आत एक-दोन जास्त चमकदार बिंदू दिसतील. ती केंद्रकी. इथे रायबोसोमचे, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे, भाग तयार होतात आणि केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांतून बाहेर पडतात. रायबोसोम स्वतः आपल्याला कधीच दिसणार नाहीत, पण ते जिथे घडतात ती जागा साध्या सूक्ष्मदर्शकात, रंगाविना दिसते.

नजर स्थिर झाली की पेशीच्या कडेने आणि मधून जाणाऱ्या बारीक धाग्यांवरून सूक्ष्म कण सरकताना दिसतील. हा पेशीद्रव्याचा प्रवाह. पापुद्रा ताजा असेल तरच तो दिसतो. पेशी जिवंत आहे याचा याहून चांगला पुरावा शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणार नाही, आणि म्हणूनच पहिल्याच मिनिटाला आयोडीन टाकू नये असे मी आग्रहाने सांगते. आयोडीन पेशीला मारते.

हे सगळे पाहून झाल्यावर आच्छादक काचेच्या एका कडेला आयोडीनचा थेंब ठेवा, समोरच्या कडेला गाळण कागद टेकवा. कागद पाणी शोषेल तसा रंग आत ओढला जाईल. केंद्रके पिवळसर तपकिरी होऊन स्पष्ट उमटतील. पेशी निळ्या-काळ्या होणार नाहीत, म्हणजे या पेशींत स्टार्च नाही. कांदा आपला साठा साखरेच्या रूपात ठेवतो.

दुसरी काचपट्टी: लाल कांदा आणि मिठाचे पाणी

रिक्तिका आणि प्रद्रव्यपटल, म्हणजे भिंतीच्या आतले पेशीचे पातळ आवरण, दोन्ही एकदम पाहायची ही युक्ती. या वेळी लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा घ्या. कुंडीत लावतात त्या ऱ्हिओच्या पानाची जांभळी खालची बाजूही उत्तम. जांभळा रंग अँथोसायनिनचा असतो आणि तो रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो. म्हणजे जिथवर जांभळे दिसते तिथवर रिक्तिका. पेशी जवळपास पूर्ण जांभळी आहे हे पाहिले की रिक्तिका केवढी मोठी असते ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा मीठ विरघळवा आणि मघासारखेच गाळण कागदाने आत ओढून घ्या. डोळा काढू नका. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून आत सरकू लागेल आणि भिंत मात्र जागच्या जागी राहील. हा रससंकोच. बाहेर मीठ जास्त, म्हणून परासरणाने पाणी बाहेर निघाले, रिक्तिका आकसली आणि तिच्याबरोबर प्रद्रव्यपटल भिंतीपासून सुटले. प्रद्रव्यपटलाची जाडी मायक्रॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी, त्यामुळे ते थेट दिसणे शक्य नाही. पण भिंत आणि जांभळा गोळा यांच्यात जी रेघ पडते ती त्याची हद्द. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटते ते याच कारणाने.

आता दुसऱ्या कडेने साधे पाणी सोडा. पेशी जिवंत असल्या तर जांभळा भाग फुगून पुन्हा भिंतीला भिडेल. पापुद्रा उकळत्या पाण्यात बुडवून आणला असेल तर यातले काहीच होणार नाही. पटले फाटलेली असतात, रंग बाहेर वाहून जातो, मीठ टाकले काय आणि न टाकले काय सारखेच. हेच साध्या डोळ्यांनी पाहायचे तर बीटाचे दोन तुकडे नीट धुऊन एक गार पाण्यात आणि एक गरम पाण्यात टाका. गरम पाणी भराभर लाल होते. पटलाचे काम 'आतबाहेर करणाऱ्या पदार्थांवर नियंत्रण' असे पाठ केलेले असते. इथे ते नियंत्रण असताना काय होते आणि गेल्यावर काय होते, दोन्ही समोर दिसते.

तिसरी काचपट्टी: स्वतःच्या गालाची पेशी

चूळ भरा. कापसाच्या स्वच्छ काडीने गालाच्या आतून हलकेच पुसा, ती काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात फिरवा, मिथिलिन ब्लूचा अगदी छोटा थेंब द्या. नमुना ज्याचा त्यानेच हाताळायचा आणि काम झाल्यावर काचपट्टी जंतुनाशकात बुडवायची, हा नियम पाळा.

पेशी साधारण ५० ते ६० मायक्रॉन रुंद, वेड्यावाकड्या, कडा दुमडलेल्या. भित्तिका नाही, म्हणून ठराविक आकार नाही. मधोमध गडद निळे केंद्रक. मिथिलिन ब्लू आम्लधर्मी पदार्थांना चिकटते आणि केंद्रकातला डीएनए तसाच आहे. या पेशी गळून पडायच्या बेतात असलेल्या असतात, त्यामुळे पेशीद्रव्यात फार काही शोधू नका.

पण पेशीच्या अंगावर विखुरलेले बारीक निळे ठिपके जरूर पाहा. ते तोंडातले जीवाणू, सुमारे एक मायक्रॉनचे. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, जाडीला साधारण एवढ्याच किंवा थोड्या बारीक असतात. मापातले हे साम्य योगायोगाचे नाही. तंतुकणिका हे फार प्राचीन काळी दुसऱ्या पेशीत शिरून कायमचे राहिलेले जीवाणू आहेत, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नव्या जोमाने मांडला. त्यांना स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आहे, माणसात तो १६,५६९ बेस-जोड्यांचा आणि ३७ जनुकांचा. स्वतःचे रायबोसोम आहेत, आणि त्या दुभागून वाढतात. आपण खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने एटीपी या रेणूत साठवायचे काम त्यांच्या आतल्या घड्यांच्या पटलावर चालते. तंतुकणिका प्रत्यक्ष पाहायची असेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जॅनस ग्रीन बी हे रंजक मिळते; ते जिवंत पेशीतल्या तंतुकणिकांना निळसर हिरवे करते. ताज्या कांद्याचा पापुद्रा त्यालाही चालतो.

लवके: इथे घाई करू नका

सगळ्या अंगकांत लवके, म्हणजे वनस्पतींच्या पेशीतली रंगद्रव्ये किंवा स्टार्च बाळगणारी अंगके, सर्वात देखणी, आणि त्यांच्यासाठी रंजकाची गरज नाही. शोभेच्या माशांच्या टाकीत घालतात त्या हायड्रिलाचे एक कोवळे पान तोडून पाण्याच्या थेंबात तसेच ठेवा. पान अतिशय पातळ असते, छेद घ्यावा लागत नाही. ४०० पट पाहिल्यावर हिरव्या, गोलसर चकत्या दिसतील, प्रत्येकी साधारण पाच मायक्रॉन. ही हरितलवके. काचपट्टी दिव्याखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवा, पाणी कोमट असू द्या आणि पानाच्या मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी पाहा. हरितलवके रांगेने भिंतीकडेने फिरू लागतात. एका पेशीत ती ज्या दिशेने जातात त्याच दिशेने जात राहतात. पेशीद्रव्यात ॲक्टिनचे अतिसूक्ष्म तंतू असतात, त्यांच्यावरून मायोसिन नावाची प्रथिने अंगके ओढत नेतात आणि त्याला लागणारी ऊर्जा एटीपीतून येते. ॲक्टिन आणि मायोसिन हीच जोडी आपल्या स्नायूंतही काम करते. पेशीला सांगाडा असतो, हे वाक्य पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. तो सांगाडा काम करताना असा दिसतो.

आता लवकांचे रूप बदलते ते पाहू. अर्धी हिरवी, अर्धी लाल अशी मिरची घ्या. हिरव्या भागाच्या सालीखालचा गर ब्लेडने अगदी थोडा खरवडून एका काचपट्टीवर, लाल भागाचा दुसरीवर. पहिलीत हरितलवके, दुसरीत लाल-नारिंगी कण. हे वर्णलवक, आणि ते बाहेरून आलेले नाहीत. मिरची पिकताना त्याच हरितलवकांतले हरितद्रव्य मोडले, आतली पटले बदलली आणि लाल रंगद्रव्ये साठली. टोमॅटोचे तसेच, तिथे लाल रंग लायकोपिनचा. काम संपले म्हणून पेशी अंगक टाकून देत नाही, त्याला दुसऱ्या कामाला लावते. आधी अन्न तयार करणे, नंतर पक्ष्यांना फळ पिकल्याचे कळवणे.

तिसरे रूप बटाट्यात. कापलेल्या बटाट्यावरून ब्लेडची कड ओढा, जो पांढुरका रस येईल त्याचा थेंब पाण्यात मिसळून पाहा. शिंपल्यासारख्या आकाराचे, अंगावर पुसट वलये असलेले कण दिसतील. रंगहीन लवकांत स्टार्चचे थरावर थर साचून हे कण होतात. आयोडीनचा अगदी पातळ थेंब कडेने सोडला की ते एकेक करून निळे होताना दिसतात. थेंब दाट असला तर सगळे क्षणात काळे पडते आणि वलये हरवतात. कच्चे केळे आणि पूर्ण पिकलेले केळे यांचे असेच दोन थेंब करून शेजारी ठेवा. पिकलेल्यात कण किती उरले ते मोजा. गोडी कुठून आली ते कळते.

आणि बटाटा काही दिवस उजेडात ठेवला तर साल हिरवी होते. रंगहीन लवकांनी हरितद्रव्य तयार करून हरितलवकांचे रूप घेतले. हिरव्या भागाचा पातळ छेद घेऊन खात्री करा. असा बटाटा खाऊ मात्र नका, उजेडात त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढते.

अळूची खाज

ही काचपट्टी आपल्या स्वयंपाकघरातली आणि मला फार प्रिय. अळूचे पान किंवा देठ चिरताना हात खाजतात म्हणून तेल लावतात, आणि अळूवडीत चिंच घालतात. हातमोजे घालून देठाचा पातळ आडवा छेद घ्या किंवा तुकडा पाण्यात चिरडून त्याचा थेंब पाहा. लांब, दोन्ही टोकांना अणकुचीदार स्फटिकांच्या जुड्या दिसतील, काही सुटून पसरलेल्या. हे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक. खास पेशींच्या रिक्तिकांमध्ये ते तयार होतात. पाने खाणाऱ्या प्राण्याच्या तोंडात ते घुसतात आणि आग होते.

रिक्तिका म्हणजे पाण्याचा साठा एवढेच ध्यानात राहिलेले असते. लाल कांद्यात तिच्यात रंग होता, अळूत शस्त्र आहे. वनस्पतीत नको असलेले पदार्थ साठवणे, मोडणे, पेशी ताठ ठेवणे, ही सगळी कामे तिचीच. प्राण्यांच्या पेशीत पचनाचे जे काम लयकारिका करतात, त्यातले बरेचसे वनस्पतीत रिक्तिकेकडे असते.

जी दिसत नाहीत त्यांचे काय?

दृश्य प्रकाशाने साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. भिंग कितीही वाढवा, ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीची आहे. रायबोसोम २० ते ३० नॅनोमीटरचे (०.०२ ते ०.०३ मायक्रॉन), म्हणजे या मर्यादेच्या खूप खाली. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल, लयकारिका यांचे खरे रूप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच कळते. पण अंगक दिसले नाही तरी त्याचे काम पाहता येते. दोन प्रयोग घरी होण्याजोगे आहेत.

पहिला: कच्च्या बटाट्याचा आणि उकडलेल्या बटाट्याचा एकेक तुकडा वाटीत घ्या. मेडिकलमधले हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मे पाणी घालून त्यावर थोडे ओता. डोळ्यांना आणि हातांना लागू देऊ नका. कच्च्या तुकड्यावर फेस येतो, उकडलेल्यावर येत नाही. पेशीत काही रासायनिक क्रियांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते घातक असते. ते पाणी आणि ऑक्सिजन यांत मोडणारे कॅटॅलेज हे विकर (एन्झाइम) परॉक्सिसोम या छोट्या अंगकात असते. बटाटा चिरल्यावर ते बाहेर आले, फेसातला वायू म्हणजे ऑक्सिजन. उकडल्यावर विकर निकामी झाले.

दुसरा: अर्धे पिकलेले केळे कुस्करा. अर्धा कप पाणी, चिमूट-दोन चिमूट मीठ, चमचाभर भांडी घासायचे लिक्विड घालून दहा मिनिटे फेस न होऊ देता हलवा. गाळा. गाळलेले पाणी उंच ग्लासात घेऊन फ्रीजरमध्ये गार केलेले सर्जिकल स्पिरिट कडेने सावकाश ओता, वर वेगळा थर राहिला पाहिजे. स्पिरिट पेट घेते, गॅसजवळ हे करायचे नाही. दोन थरांच्या सीमेवर पांढरे तंतू जमतील. लिक्विडने प्रद्रव्यपटल आणि केंद्रकाचे आवरण दोन्ही विरघळवले, कारण दोन्ही मुख्यतः मेदाचीच आहेत. तंतूंत डीएनएबरोबर प्रथिने आणि पेक्टिनही असते, ते शुद्ध डीएनए नव्हे. तरीही एरवी केंद्रकात गुंडाळून असणारा ऐवज आता काडीवर गुंडाळता येतो.

लयकारिकांचा शोधही असाच, आधी कामातून लागला. १९४९ मध्ये द दूव यांच्या प्रयोगशाळेत यकृताच्या अर्कातले एक विकर मोजले जात होते. ताज्या अर्कात ते अपेक्षेपेक्षा फारच कमी भरले. अर्क काही दिवस थंडीत राहिला, पुन्हा मोजला, तर क्रिया वाढलेली. विकर आधीपासून होतेच, फक्त पटलाच्या पिशवीत बंद होते. पिशव्या जुन्या होऊन गळू लागल्या तेव्हा ते बाहेर आले. १९५५ मध्ये या पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळाले. आतली आम्लता बाहेरच्या पेशीद्रवापेक्षा बरीच जास्त असते आणि तिथली विकरे त्या आम्लतेतच नीट चालतात, त्यामुळे एखादी पिशवी गळली तरी पेशी लगेच पचून जात नाही. यातले एखादे विकर जन्मतः नसेल तर न मोडलेला पदार्थ लयकारिकांत साचत जातो. टे-सॅक्स आणि गोशे हे आजार असे होतात.

पॅलेड यांनी स्वादुपिंड निवडले, कारण त्याच्या पेशी पाचक विकरे भरभरून तयार करतात आणि बाहेर सोडतात. किरणोत्सारी अमिनो आम्ल थोडा वेळ देऊन त्यांनी माग काढला. नवी प्रथिने आधी रायबोसोम लागलेल्या खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर दिसली, मग गॉल्जी संकुलात, मग पटलात बांधलेल्या कणिकांत, आणि अखेर पेशीबाहेर. जालिका, गॉल्जी, कणिका हा क्रम एकदा लक्षात आला की तीन अंगकांची तीन कामे वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत. अल्बर्ट क्लॉड, द दूव आणि पॅलेड या तिघांना १९७४ चे नोबेल मिळाले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र कसे वाचायचे

अशी चित्रे इंटरनेटवर भरपूर आहेत, पण ती वाचायला कोणी शिकवत नाही. सुरुवात मापाच्या रेघेपासून करा. चित्राच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ आणि तिची लांबी दिलेली असते. ती कागदाच्या कडेवर आखून घ्या आणि चित्रातल्या गोष्टींना लावून पाहा. अर्ध्या ते एक मायक्रॉन जाडीचे, दुहेरी पटलाचे, आत आडव्या घड्या असलेले दिसले तर तंतुकणिका. रंगावर जाऊ नका. चित्रे मुळात करडी असतात, रंग नंतर भरलेले असतात.

दुसरी गोष्ट, समोर दिसते ती पेशी नसून पेशीचा अतिशय पातळ काप आहे. शेवग्याची शेंग आडवी चिरली तर गोल चकती मिळते, उभी चिरली तर लांब पट्टी. एकाच चित्रात काही तंतुकणिका गोल आणि काही लांब दिसतात त्या बहुधा अशाच. केंद्रक दिसत नसेल तर काप त्याच्या बाजूने गेला असेल.

समांतर पटलांच्या रांगांवर काळे ठिपके असतील तर खडबडीत आंतर्द्रव्यजालिका, ठिपके म्हणजे रायबोसोम. ठिपके नसलेल्या, एकावर एक रचलेल्या, किंचित वाकलेल्या चपट्या पिशव्या आणि कडेला सुटलेले छोटे गोल, हे गॉल्जी संकुल. ठिपके नसलेल्या नळ्यांचे जाळे म्हणजे गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका. एकेरी पटलाचा गडद, आत ओबडधोबड ऐवज असलेला गोल बहुधा लयकारिका. नुसत्या चित्रावरून तिची पक्की खात्री देता येत नाही.

आता सराव. चित्राखालची ओळ झाका आणि पेशी ओळखा. खडबडीत जालिकेने पेशीद्रव्य भरून गेले आहे: प्रथिने बाहेर सोडणारी पेशी, स्वादुपिंडातली किंवा प्रतिपिंडे तयार करणारी प्लाझ्मा पेशी. तंतूंच्या मधोमध तंतुकणिकांची गर्दी: हृदयाचा स्नायू, ज्याला क्षणभरही विश्रांती नाही. गुळगुळीत जालिका विपुल: स्टेरॉइड संप्रेरके तयार करणारी, अधिवृक्क ग्रंथीतली किंवा वृषणातली पेशी. लयकारिका पुष्कळ आणि पोटात काहीतरी गिळलेले: जीवाणू खाणारी भक्षक पेशी.

आणि आत एकही अंगक नसलेली, सगळीकडे सारखीच गडद पेशी दिसली, तर ती तांबडी रक्तपेशी. अस्थिमज्जेत वाढताना तिने केंद्रक बाहेर टाकले, मग तंतुकणिकाही गेल्या. ती सगळी जागा हिमोग्लोबिनला मिळाली. तंतुकणिका नसल्यामुळे ती वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः वापरत नाही. नवे प्रथिन मात्र तिला करता येत नाही, झालेली झीज भरून काढता येत नाही, आणि सुमारे १२० दिवसांनी प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळून आपल्या लयकारिकांत मोडतात.